तीन इंची चौकट, ८२ मिमीचा प्लेनर आणि माळ्यावरचे रंधे

प्रश्न : सर, मी कुडाळ तालुक्यातला. वय २४. आयटीआयला सुतारकामाचा ट्रेड केला, मग तीन वर्षं कोल्हापुरात एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली. आता गावी परत येऊन स्वतःचं काम सुरू करतोय. कामं बहुतेक दारं-चौकटी, जुन्या घरांची दुरुस्ती, अधूनमधून एखादा देव्हारा नाहीतर पाट-चौरंग. लाकूड फणस, साग, ऐन, कधी आंबा. हल्ली तयार फ्लश डोअर बसवायचीही कामं येतात. ड्रिल आणि कटर आहे, दोन्ही वायरवाले. आता इलेक्ट्रिक रंधा घ्यायचाय, दहा हजारांच्या आत. दुकानदार म्हणतो, जास्त वॉटचा आणि जास्त खोल कापणारा घे. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतात. म्हापशाचे भावोजी त्यांच्याकडचं १७० मिमीचं जुनं मशीन देतो म्हणतात. मित्र म्हणतो, आता बॅटरीवरचंच घे. काय करू? आणि बाबांचे दोन लाकडी रंधे माळ्यावर पडून आहेत. बाबांचे हात आता थरथरतात, काम होत नाही. मशीन आलं की ते रंधे काढून टाकले तर चालतील का?

उत्तर : आधी तुझ्या कामाचं माप घेऊ, मशीनचं नंतर.

तू दारं-चौकटी करणार. आपल्याकडे चौकटीचं लाकूड अजून इंचातच बोललं जातं. चार बाय तीन, पाच बाय तीन. झडपेची, म्हणजे उघडमीट करणाऱ्या दाराची, जाडी सव्वा ते दीड इंच. आता हातातल्या प्लेनरची, म्हणजे इलेक्ट्रिक रंध्याची, रुंदी बघ. बाजारात दहातले नऊ प्लेनर ८२ मिमीचे असतात, म्हणजे सव्वातीन इंच. तीन इंच म्हणजे ७६ मिमी. चौकटीची तीन इंची बाजू ८२ मिमीच्या पात्याखाली एका फेरीत येते आणि दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर उरतात. झडपेच्या कडेला तर निम्मंअधिक पातं मोकळंच राहतं. चार इंची बाजू म्हणजे १०१ मिमी, ती मात्र बसत नाही. तिथे दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि मध्ये एक बारीक उंचवटा राहतो. त्यासाठी ११० मिमीचं मशीन मिळतं, पण ते जड आणि महाग. चौकटीची चार इंची बाजू भिंतीच्या जाडीत जाते. तिथला उंचवटा हातरंध्याच्या चार फटक्यांत निघतो. म्हणून तुझ्यासाठी रुंदीचा प्रश्न सुटलेला आहे : ८२ मिमी.

भावोजींचं १७० मिमीचं मशीन वाईट नाही, ते वेगळ्या कामाचं आहे. तुळया, खांब, जाड फळ्या, एका जागी मांडून ठेवलेला माल असेल तिथे ते देखणं काम करतं. पण त्याचं वजन आठ किलोंच्या पुढे. ८२ मिमीचा प्लेनर अडीच ते तीन किलोंचा. झडप उभी करून, एका गुडघ्यावर बसून, कडेवरून मशीन तोलत न्यायचं असतं तेव्हा हा फरक मनगटाला पहिल्या दारातच कळतो. आठ किलोंचं मशीन दीड इंचाच्या कडेवर तोलून धरता येत नाही, ते कलंडतं आणि कड तिरकी होते. भावोजींना सांग, एखाद्या जुन्या घराच्या तुळयांचं काम आलं की दोन दिवस मशीन न्यायला येतो, भाडं देतो. नातंही राहील आणि पैसेही अडकणार नाहीत.

आता दुकानदाराचं ‘जास्त खोल कापणारा घे’.

सुतारकामात आपण सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. काही प्लेनर एका फेरीत फक्त १ मिमी काढतात. मकिताचा १९००बी हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा, ५८० वॉटचा, मिनिटाला १६,००० फेरे घेणारा. काही २.५ मिमीच्या आसपास काढतात. दुकानदाराच्या हिशेबात दुसरा अडीचपट चांगला. तुझ्या हिशेबात काय? झडपेची दीड इंचाची कड एक सूत कमी करायची असेल तर पहिल्याने तीन फेऱ्या, दुसऱ्याने दीड-दोन. सात फुटी कडेवर एक फेरी पंधरा-वीस सेकंदांची. वाचलं किती, अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. आणि ऐनाच्या तीन इंची बाजूवर एका दमात अडीच मिलिमीटर काढायला जाशील तर कुठलंही ६०० वॉटचं मशीन कण्हतं, फेरे कमी होतात आणि पातं कापायचं सोडून लाकूड उपटायला लागतं. फणसात तर जास्तच, कारण त्याच्या रेषा एकाच फळीत एकदा इकडे, एकदा तिकडे वळलेल्या असतात.

खोल कापणाऱ्या मशीनचा खरा फायदा वेगळा आहे. त्यांना बहुतेक वेळा खाच मारायची सोय चांगली असते. म्हणजे पाती बसवलेला फिरता ड्रम एका बाजूने कडेपर्यंत उघडा असतो आणि बाजूच्या गाइडने नऊ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पायरी पाडता येते. चौकटीत झडप टेकण्यासाठी आपण जी खाच करतो तिचा बराच भाग यात निघतो. तू चौकटी नव्याने बनवणार असशील तर ही सोय कामाची आहे, त्यासाठी अडीच मिलिमीटरवालं घे. दारं बसवणं आणि दुरुस्तीच जास्त असेल तर १ मिमीवालं हलकं मशीन तुला पुरून उरेल. पत्रावरून मला वाटतं, पहिली दोन वर्षं तुझं काम दुरुस्तीचंच जास्त असेल. पण चौकट तू सोडणार नाहीस, हेही दिसतं. म्हणून माझा कल ६०० ते ७०० वॉटच्या, खाचेची सोय असलेल्या ८२ मिमीच्या मशीनकडे आहे. वॉटचा आकडा यापुढे तुझ्या डोक्यात नको.

कारण बघायची गोष्ट दुसरीच आहे, आणि ती खोक्यावर छापलेली नसते. प्लेनरचा तळ.

प्लेनरला दोन तळ असतात, पुढचा आणि मागचा, आणि मध्ये पात्यांचा ड्रम. पुढची मूठ फिरवली की पुढचा तळ वर-खाली होतो. तो जितका वर जाईल तितकं पातं लाकडात उतरतं. मागचा तळ स्थिर असतो आणि तो पात्याच्या सगळ्यात खालच्या टोकाशी तंतोतंत एका पातळीत असावा लागतो. कापून झालेल्या लाकडावर मशीन टेकतं ते या मागच्या तळावर. पातं त्याच्यापेक्षा खाली आलेलं असेल तर मागचा तळ अधांतरी राहतो आणि फेरीच्या शेवटी मशीन खाली बसून लाकडाला खड्डा पाडतं. पातं वर राहिलं असेल तर मागचा तळ कापलेल्या भागावर चढतो आणि पुढे जाता जाता कापच बंद होतो. नवशिक्याला वाटतं आपला हात चुकतोय. मी पंचवीसेक वर्षं मुलांना हे शिकवलं. दर वर्षी चार-पाच मुलं स्वतःच्या हाताला दोष देत बसायची आणि चूक पात्याच्या बसवणीत सापडायची.

म्हणून दुकानात जाताना खिशात एक फुटाची स्टीलची पट्टी ने. प्लग लावू देऊ नको. मशीन उलटं कर, खोली शून्यावर आण आणि पट्टी उभ्या कडेने दोन्ही तळांवर ठेव. उजेडाकडे धरून बघ. पुढचा आणि मागचा तळ एका रेषेत दिसायला हवेत. डाव्या कडेला, उजव्या कडेला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तीनही ठिकाणी बघ. मग पट्टी फक्त मागच्या तळावर धरून, थोडी ड्रमवर आणून, ड्रम काळजीपूर्वक हाताने फिरव. पात्याची धार पट्टीला अलगद घासून गेली पाहिजे. पट्टी उचलली जाता कामा नये आणि मध्ये फटही दिसता कामा नये. आता खोली १ मिमीवर ने आणि पुढचा तळ अंगठ्याने दाबून हलवून बघ. कचकच हलत असेल तर ते मशीन ठेव आणि दुसरं मागव. स्वस्त मशीनचा सगळ्यात मोठा घात इथेच असतो. मोटर बरी असते, आवाज दणदणीत असतो, पण पुढचा तळ बसलेला नसतो. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. पैसे तुझे आहेत.

ऑनलाइन निम्म्या किमतीच्या मशीनबद्दल माझी हरकत एवढीच की ही परीक्षा घरी करावी लागते. आणि दुसरी हरकत पात्यांची. प्लेनर घेताना आधी विचारायचं ते हे : याची पाती, याचा पट्टा आणि याचे कार्बन (मोटरीतले ब्रश) मला कुडाळात किंवा सावंतवाडीत त्याच दिवशी मिळतील का? मोटरीपासून ड्रमपर्यंत एक दातेरी रबरी पट्टा असतो. तो झिजतो, भरडीच्या कामात एखादी गाठ आली की तुटतोही. कार्बन झिजतात. यात बिघाड काही नाही, या सायकलच्या ट्यूबसारख्या बदलायच्या वस्तू आहेत. पण गिऱ्हाइकाचं दार उतरवून अंगणात ठेवलंय, घर रात्रभर उघडं राहणार, आणि तुझ्या मशीनचा पट्टा कुरिअरने आठ दिवसांनी येणार, अशी वेळ आली तर वाचवलेले चार हजार तुला आठवणारही नाहीत. म्हणून मशीनसोबतच एक जादा पट्टा, कार्बनची एक जोडी आणि पात्यांचा एक जोड घे. ते दुकानात जागेवर मिळाले तरच त्या कंपनीचं मशीन घे. मकिता, बॉश, डिवॉल्ट यांतलं कुठलंही चालेल. तुझ्या बाजारात ज्याचं सामान मिळतं ते तुझं. पक्कं बिल घे, त्यावर मशीनचा नंबर लिहून घे.

पात्यांबद्दल जरा सविस्तर, कारण तुझं लाकूड अवघड आहे.

दोन जाती. एक हायस्पीड स्टीलची, रुंद, जिला पुन्हा पुन्हा धार लावता येते. दुसरी कार्बाइडची, लोक टीसीटी म्हणतात, अरुंद पट्टीसारखी, दोन्ही कडांना धार असलेली. एक कड गेली की फिरवून दुसरी, दुसरी गेली की टाकून द्यायची. सागात सिलिका असते, बारीक वाळूच म्हण ना. ती स्टीलच्या धारेला खाते. फ्लश डोअरमध्ये आणि प्लायमध्ये चिकटवलेला डिंक कडक असतो, तोही तेच करतो. तुझं निम्मं काम साग आणि फ्लश डोअरचं, तेव्हा रोजच्याला कार्बाइड. पण कार्बाइड ठिसूळ. जुन्या घराच्या चौकटीत एक चुका, म्हणजे बारीक खिळा, लपलेला असला की धारेला खाच पडते, आणि मग मारलेल्या प्रत्येक लाकडावर त्या खाचेची बारीक रेघ उमटते. जुन्या लाकडासाठी स्टीलचा एक जोड वेगळा ठेव, त्याला खाच पडली तरी धार लावून काढता येते. धार लावताना दोन्ही पाती सारखीच घास, म्हणजे वजन सारखं राहील. एकच नवं आणि एक जुनं पातं कधी बसवू नको, ड्रम मिनिटाला सोळा हजार वेळा फिरतो, तोल गेला की मशीन हातात थरथरतं. आणि जुनं लाकूड मशीनखाली घेण्याआधी त्यावरून स्पीकरमधला लोहचुंबक फिरव. गंजून डोकं गेलेले चुके डोळ्याला दिसत नाहीत, चुंबकाला दिसतात.

बॅटरीचं काय? मित्र अगदीच चुकीचं बोलत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि वायर पात्याखाली येण्याची भीती बॅटरीत नसते. पण ड्रिलला लागते त्याच्या कितीतरी पट ताकद प्लेनर खातो. एका बॅटरीवर दोन-चार दारं होतील, मग थांबणं आलं. दुसरी बॅटरी हवी, चार्जर हवा, आणि ते सगळं धरलं तर किंमत तुझ्या दहा हजारांच्या बरीच पलीकडे जाते. तुझं ड्रिल बॅटरीचं असतं आणि त्याच बॅटऱ्या चालल्या असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं. आज वायरवालाच घे. फक्त एक्स्टेन्शनची वायर दीड स्क्वेअर एमएमची घे आणि काम करताना रिळावरून पूर्ण उलगड. गावात दुपारी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात बारीक लांब वायर लावली की मशीन तापतं. काम करताना वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची. ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.

चालवायची गोष्ट तुला आयटीआयत शिकवली असेल, तरी दोन-तीन सांगतोच. सुरुवातीला वजन पुढच्या मुठीवर, मध्ये दोन्हीकडे, शेवटी मागच्या मुठीवर. मशीन सुरू करून, पूर्ण वेग येऊ देऊन मगच लाकडाला लाव. आणि ढकलायची घाई करू नको. हिशेब करून बघ : १६,००० फेरे, दोन पाती, म्हणजे मिनिटाला ३२,००० काप. सात फुटाची कड दहा सेकंदांत संपवलीस तर दोन कापांतलं अंतर ०.४ मिमीच्या आसपास येतं, वीस सेकंदांत संपवलीस तर त्याच्या निम्मं. हा फरक पॉलिश मारल्यावर दिसतो, तिरक्या उजेडात तर फारच. शेवटची फेरी नेहमी पाव मिलिमीटरवर आणि सावकाश. कड मारण्याआधी तिच्यावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढून ठेव. फेरी झाल्यावर कुठली रेघ राहिली ते बघ, तिथे खोलगट आहे. तळाला मेणबत्ती घास, मशीन लोण्यासारखं सरकतं.

दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला जपून. पॅनेलच्या दारात उभ्या पट्ट्यांचं टोक तिथे येतं, म्हणजे लाकडाच्या उभ्या रेषा आडव्या कापल्या जातात. एका बाजूने सरळ मशीन नेलंस तर दुसऱ्या टोकाला कपचा उडतो आणि तो गिऱ्हाइकासमोर उडतो. दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे ये. मध्ये थांब. फ्लश डोअरला कडेला असलेली लाकडी पट्टी किती जाड आहे ते आधी बघून घे. त्यापेक्षा जास्त मारलंस तर आतला भरणा उघडा पडेल आणि पुढच्या पावसात दार फुगेल. सनमायका लावलेल्या कडेवर मशीन नेऊच नको, ती तडकते. कुलूप बसवलेलं दार असेल तर कुलपाची कड न मारता बिजागरीची कड मार आणि बिजागरीचं घर तेवढंच खोल कर.

आणि हे कोकणातल्या प्रत्येक सुताराने गिऱ्हाइकाला सांगायला हवं. जुलैत दार अडकलं की माणसं सुताराला बोलावतात. तू नवा, मशीन नवं, काम हवंय, तू जाशील आणि एक सूत मारून देशील. मार्चमध्ये त्याच दारातून सरडा आत येईल एवढी फट पडेल आणि नाव तुझं जाईल. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फळ्या जोडून केलेली जुनी झडप सगळ्यात जास्त फुगते, पॅनेलची कमी. पावसात फक्त दार बंद होण्यापुरतं, अर्धा-एक मिलिमीटर काढ. दिवाळीनंतर परत ये, तेव्हा बघ, आणि मारलेल्या कडेला लगेच प्रायमर नाहीतर पॉलिश लाव, विशेषतः खालच्या कडेला, जिथे कुणीच लावत नाही. पहिल्या वर्षी कमाई थोडी कमी होईल. दुसऱ्या वर्षी तीच घरं तुला बोलावतील.

एका गोष्टीवर मी कडक बोलणार आहे. तू कोल्हापुरात नक्की पाहिलं असशील : प्लेनर उलटा करून बाकाला तारेने बांधायचा, बटण दाबून अडकवून ठेवायचं, आणि वरून पट्ट्या सरकवायच्या. बारीक पट्टी मारायला सोपं पडतं म्हणून सगळे करतात. माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीला लागल्यावर सहाव्या महिन्यात असं करताना मधल्या बोटाचं पेर घालवलं. तो मला भेटायला आला तेव्हा हात खिशात घालून बसला होता, चहाचा कप डाव्या हाताने घेतला. मी त्याला काही बोलू शकलो नाही. हे मशीन तुझ्या हातातून लाकडावर चालवायला बनवलंय, तुझ्या हातातलं लाकूड त्याच्यावर चालवायला नाही. ज्या लाकडाची लांबी मशीनच्या लांबीपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक फुटाच्या आत, ते लाकूड या मशीनवर मारायचंच नाही. पाटाच्या खालच्या पट्ट्या, देव्हाऱ्याचे छोटे खांब, हे हातरंध्याचं काम.

बटण सोडलं तरी ड्रम काही सेकंद फिरत राहतो. मशीन खरेदी करतानाच मागच्या तळाखाली उघडणारा छोटा पाय आहे का ते बघ. मशीन खाली ठेवलं की तो पाय टेकतो आणि ड्रम जमिनीला लागत नाही. पाय नसेल तर पुढच्या तळाखाली एक पट्टी ठेवून त्यावर टेकव, भुशाच्या ढिगावर कधीच नको. पातं बदलताना प्लग काढून डोळ्यांसमोर ठेव. खांद्यावरचा टॉवेल, लुंगीचा सोगा, हातमोजे, काही नको. चष्मा लाव, कानात बोळे घाल. आणि मास्क. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. आपल्या धंद्यात हे कुणी कुणाला सांगत नाही. तू २४ वर्षांचा आहेस, तुला अजून चाळीस वर्षं हे काम करायचंय. मशीनला भुशाची पिशवी मिळते, ती लाव.

आता बाबांचे रंधे.

मकिताने १९५८ साली जपानात हातात धरायचा इलेक्ट्रिक रंधा बाजारात आणला. साठहून अधिक वर्षांत मशीन हलकं झालं, वेगवान झालं, पण ८२ मिमीच्या मशीनची लांबी अजून साधारण एक फूटच आहे. या एका आकड्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सात फुटाच्या कडेला मध्ये दोन मिलिमीटरचा पोक असेल तर एक फुटाचं मशीन त्या पोकावर चढतं, उतरतं आणि पोक तसाच ठेवून वरचा थर तेवढा काढतं. गुळगुळीत होतं, सरळ होत नाही. लांब रंधा तसं करत नाही. तो आधी फक्त उंच भागालाच लागतो, खोलगट भागावरून तरंगत जातो, आणि पूर्ण लांबीची ढलपी निघायला लागली की कड सरळ झालेली असते. पट्टी लावून बघायचीही गरज राहत नाही, हातालाच कळतं. म्हणून भरड माल मशीनने काढ आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर बाबांच्या लांब रंध्याने. मशीनच्या बारीक लाटाही त्यातच जातात. फणसाच्या देव्हाऱ्याला तर लहान, सफाईचा रंधा हवाच, धारदार आणि अगदी बारीक सोडलेला. फणसाच्या उलटसुलट रेषांवर मशीनने जे उपटलं जाईल ते तोच सावरेल.

तू लिहिलंस की बाबांचे हात थरथरतात. धार ओळखायला हात स्थिर लागत नाहीत. रंधे माळ्यावरून काढ. इतकी वर्षं पडून असतील तर तळ वाकडा झाला असेल. तुझी तीच स्टीलची पट्टी त्यालाही लाव. लागलंच तर सपाट काचेवर पॉलिशपेपर चिकटवून तळ घासून घे, पातं आत पाचरीनेच बसवलेलं ठेवून, पण धार आत ओढून घेऊन. मग पातं काढ. पाचर सुटण्यासाठी रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकतात, पण किती जोरात आणि नेमकं कुठे, हे प्रत्येक रंध्याचं वेगळं असतं. ते मी इथून सांगू शकत नाही. बाबा पडवीत बसले असतील, त्यांच्या हातात मोगरी दे.